विकास न थांबवता उत्सर्जन घटवता येतं का? एसी-फ्रिजच्या कामातून एक उत्तर

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकबाईंचा प्रश्न आहे: "हवामान बदलावर दरवर्षी जागतिक परिषद भरते, मोठमोठे आकडे जाहीर होतात आणि उत्सर्जन वाढतच राहतं. गरीब देशांनी विकासाला खीळ न घालता, जगाच्या बरोबरीने प्रदूषण खरोखर घटवलं, असं एक तरी उदाहरण आहे का? विद्यार्थी विचारतात तेव्हा मी काय सांगू?"

बाई, एक उदाहरण आहे आणि ते तुमच्या वर्गाच्या शेजारच्या खोलीत, प्राचार्यांच्या डोक्यावर भिंतीला लटकलेलं असण्याची शक्यता आहे. एसी. मी रेफ्रिजरेशनचा इंजिनिअर. कारखान्यांची कूलिंगची कामं, कोल्ड स्टोरेजची उभारणी आणि गेली बरीच वर्षं एसी-फ्रिजच्या मेकॅनिक मुलांचं प्रशिक्षण, यात माझं आयुष्य गेलं. त्यामुळे ज्या कराराबद्दल सांगतोय, त्याचे परिणाम मी सिलिंडर, कॉम्प्रेसर आणि पाइपांत पाहिले आहेत. हा करार म्हणजे १९८७चा माँट्रियल करार आणि त्याला २०१६ मध्ये किगाली इथे जोडलेली दुरुस्ती. तो कुठे जमला आणि कुठे अजून अडलाय, दोन्ही सांगतो. विद्यार्थ्यांना दोन्ही कळायला हवं.

आधी थोडा इतिहास. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की फ्रिजमध्ये आणि स्प्रेच्या डब्यांत वापरले जाणारे सीएफसी वायू वातावरणात खूप उंचावर जाऊन ओझोनचा थर नष्ट करतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनमध्ये पडलेलं मोठं खिंडार ब्रिटिश संशोधकांनी जाहीर केलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रियलमध्ये करार झाला. आज जगातला प्रत्येक देश त्याचा सभासद आहे.

भारत मात्र सुरुवातीला त्यात नव्हता, चीनही नव्हता. भारताचं म्हणणं सरळ होतं. सीएफसी वातावरणात सोडले श्रीमंत देशांनी. आमच्याकडे फ्रिज अजून मोजक्या घरांत आहे. आता तो घराघरांत पोचायची वेळ आली, तर तुम्ही म्हणता गॅस बदला. नवा गॅस महाग, नवं तंत्र तुमच्या कंपन्यांच्या पेटंटमध्ये, मग वरचा खर्च आम्ही का सोसायचा? १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी ही बाजू लावून धरली. त्याच बैठकीत ठरलं की विकसनशील देशांचा वाढीव खर्च भागवण्यासाठी स्वतंत्र निधी उभा करायचा. हाच तो बहुपक्षीय निधी. तो १९९१ पासून चालू झाला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला.

माझ्या मते सगळं यश या निधीच्या रचनेत आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो.

समजा, १९९० च्या दशकातला एक फ्रिजचा कारखाना आहे. फ्रिजमध्ये सीएफसी दोन ठिकाणी असायचा. एक, गारवा देणारा आर-१२ गॅस. दुसरा, भिंतीतला फोम फुगवण्यासाठी वापरलेला आर-११. समजा, कारखान्याला फोमसाठी सायक्लोपेंटेन वापरायचं आहे. ते ज्वालाग्राही, म्हणून फोम भरायची यंत्रं बदला, हवा खेळती ठेवायची व्यवस्था करा, गळती कळवणारे सेन्सर लावा, विजेची उपकरणं ठिणगी न पडणारी घ्या, कामगारांना शिकवा. या प्रत्येक बाबीचा हिशेब कागदावर मांडला जायचा आणि जुन्या तंत्रापेक्षा जेवढा जास्त खर्च, तेवढा निधी द्यायचा. अनुदान म्हणून, परतफेड नाही. पण कारखान्याने त्याच संधीत उत्पादनक्षमता वाढवली, तर तो खर्च त्याचा त्याने करायचा. नव्या तंत्रामुळे काही बचत होत असेल तर तीही वजा. असं काटेकोर मोजमाप झाल्याने देणाऱ्याला पैसे उधळले जात नाहीत याची खात्री आणि घेणाऱ्याला आपली पदरमोड होत नाही याची.

निधीची कार्यकारी समिती चौदा देशांची, सात विकसित आणि सात विकसनशील. म्हणजे पैसे देणारा आहे म्हणून त्याचा शब्द अंतिम, असं होत नाही. जागतिक पातळीवरच्या पैशांच्या टेबलावर अशी निम्मी-निम्मी जागा फार क्वचित मिळते. आकडाही पाहा. २०२४ ते २०२६ या तीन वर्षांसाठी निधीला ९६.५ कोटी डॉलर मंजूर झाले आणि हा आजवरचा विक्रम आहे. हवामान परिषदांत हजारो कोटी डॉलरची भाषा चालते, त्या मानाने ही रक्कम किरकोळ वाटेल. काम मात्र तिने केलं.

पैशाच्या जोडीला धाकही होता. करारात नसलेल्या देशाशी या वायूंचा व्यापार करायला सभासदांना मनाई होती. त्यामुळे बाहेर राहून फायदा घ्यायची वाट बंद झाली. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत मिळाली, म्हणजे बंधन सगळ्यांना पण घड्याळं वेगळी. आणि कोणता पर्यायी गॅस खरंच चालतो, कुठे चालत नाही, हे सांगायला उद्योगातल्या आणि प्रयोगशाळांतल्या तंत्रज्ञांची कायमची मंडळं नेमली. तिथे भाषणं नसतात, कॉम्प्रेसरच्या तेलापासून चर्चा सुरू होते.

परिणाम? भारताने सीएफसीचं उत्पादन १ ऑगस्ट २००८ रोजी, ठरलेल्या मुदतीआधी, थांबवलं. दम्याच्या पंपांसाठीची थोडी सूट तेवढी राहिली. त्याच काळात भारतात फ्रिज कमी झाले का? उलट गावोगावच्या मध्यमवर्गीय घरांत पोचले. ज्या वस्तूवर बंदी आली असं वाटत होतं, ती वस्तू वाढली आणि तिच्यातलं विष गेलं. ओझोनचा थर बहुतेक जगात २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने झालेल्या मूल्यमापनाचा २०२३ मध्ये जाहीर झालेला अंदाज आहे. आणि सीएफसी हे कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता धरणारे वायू असल्यामुळे, ते गेल्याने तापमानवाढीलाही मोठा आळा बसला. हवामानासाठी झालेल्या क्योटो कराराच्या पहिल्या टप्प्यात जेवढी घट अपेक्षित होती, तिच्या कितीतरी पट ही घट भरते. हवामानाच्या नावाने केलेल्या करारापेक्षा ओझोनसाठी केलेल्या कराराने हवामानाचं जास्त भलं केलं, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगा.

आता दुसरी बाजू. सीएफसी गेले, त्यांच्या जागी आधी एचसीएफसी आले, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आर-२२. तो ओझोनला कमी हानिकारक, पण हानिकारकच. भारतात त्याचा नव्या यंत्रांतला वापर २०२४ अखेर बंद झाला. जुन्या एसींच्या दुरुस्तीपुरता तो अजून मिळतो. त्यानंतर आले एचएफसी: फ्रिजमध्ये आणि गाडीत आर-१३४ए, घरच्या एसीत आर-४१०ए. यांनी ओझोनला धक्का लागत नाही. पण एक किलो आर-४१०ए हवेत गेला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो.

हा आकडा मी शिकाऊ मुलांना असा समजावतो. दीड टनाच्या एसीत साधारण एक किलो गॅस असतो. आपल्याकडे एक युनिट वीज तयार होताना सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका एसीतला सगळा गॅस सोडून देणं हे जवळजवळ तीन हजार युनिट वीज जाळण्यासारखं आहे. चांगल्या पाच स्टार एसीच्या लेबलवर वर्षाला साडेसातशे-आठशे युनिट लिहिलेले असतात. चार वर्षं एसी चालवून जे नुकसान होईल, ते नट ढिला करून दोन मिनिटांत होतं.

म्हणून किगाली. रवांडाच्या राजधानीत १५ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे, रात्रभर वाटाघाटी चालल्यावर, एचएफसी टप्प्याटप्प्याने कमी करायची दुरुस्ती मंजूर झाली. भारताच्या शिष्टमंडळाचं नेतृत्व तेव्हाचे पर्यावरणमंत्री अनिल माधव दवे यांच्याकडे होतं. विकसित देशांनी २०१९ पासून कपात सुरू करायची आणि २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची. चीनसह बहुतेक विकसनशील देशांनी २०२४ मध्ये वाढ गोठवायची. भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देशांचा तिसरा गट. त्यांच्यासाठी २०२४ ते २०२६ ची सरासरी हा आधार, २०२८ मध्ये वाढ थांबवायची, २०३२ मध्ये १० टक्के कपात आणि शेवटची ८५ टक्के कपात २०४७ मध्ये. भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये या दुरुस्तीला औपचारिक मान्यता दिली. पूर्ण अंमल झाला तर शतकाअखेर तापमानवाढ जवळजवळ अर्धा अंश सेल्सियसने टळेल, असा अंदाज आहे.

भारताने एवढा उशीर का मागितला, यावर परदेशात टीका झाली. ती मला अर्धीच पटते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने देशाचा शीतकरण कृती आराखडा काढला, तेव्हा भारतातल्या फक्त ८ टक्के घरांत एसी होता. आणि गारवा ही आता चैन राहिलेली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार उष्णतेमुळे २०३० पर्यंत भारतात कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील, म्हणजे ३.४ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतकं काम. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात शिवणकामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून पाहा, हा आकडा अंगावर येतो. ज्यांनी पन्नास वर्षं गारवा उपभोगला त्यांच्या आणि ज्यांना तो आता कुठे मिळतोय त्यांच्या मुदतीत फरक असणं न्याय्यच आहे.

पण टीकेतला उरलेला अर्धा भाग खरा आहे. आधार २०२४ ते २०२६ च्या वापरावर ठरणार, म्हणजे या तीन वर्षांत जितका जास्त एचएफसी वापराल तितका पुढचा कोटा मोठा. अशी रचना शहाणपणाला शिक्षा देते. जो उत्पादक आजच आर-२९० कडे वळेल, त्याच्यामुळे देशाच्या खात्यात हिस्सा कमी पडतो. वाटाघाटीत तडजोडी होतात हे मला समजतं, तरी हे कलम मला आजही खटकतं.

आर-२९० म्हणजे प्रोपेन. आपल्या घरच्या एलपीजीतला एक घटक, शुद्ध केलेला. त्याचा तापमानवाढीचा आकडा, म्हणजे एक किलो गॅस किती किलो कार्बन डायऑक्साइडइतका भरतो तो, तीनच्या आसपास, म्हणजे नगण्य. गॅसही कमी लागतो, आर-४१०ए च्या निम्म्याहून कमी. अडचण एकच, तो पेट घेतो. पुण्याजवळ शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने २०१२ मध्येच जर्मन सहकार्याने आर-२९० चे एसी बनवायला सुरुवात केली होती. साताऱ्याच्या हद्दीतला हा कारखाना जगभरच्या तंत्रज्ञांच्या परिषदांत उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि आपल्याकडे फार थोड्यांना हे माहीत आहे. असे एसी बाजारात येऊन इतकी वर्षं झाली तरी दुकानात तुम्हाला मुख्यतः आर-३२ चेच एसी दिसतील. आर-३२ चा आकडा ६७५, म्हणजे आर-४१०ए च्या एक तृतीयांश. त्याचे मूलभूत पेटंट जपानच्या डायकिनने २०११ मध्ये विकसनशील देशांना मोफत खुले केले, हा त्याच्या प्रसारातला मोठा भाग. पेटंटचा अडसर निघाला की तंत्र किती झपाट्याने पसरतं ते यावरून दिसतं. प्रोपेनच्या वाटेत मात्र सुरक्षेचे जुने नियम होते. एका यंत्रात किती ज्वालाग्राही गॅस भरता येईल याची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकात २०२२ मध्ये वाढवली गेली, तेव्हा मोठ्या खोलीच्या एसीसाठी दार उघडलं.

आता तुमच्या अर्थशास्त्राच्या वर्गासाठी खास एक गोष्ट. पैसे द्यायची पद्धत चुकली तर काय होतं, याचा याच क्षेत्रातला धडा. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा एक टाकाऊ वायू तयार होतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. क्योटो कराराखाली कार्बन क्रेडिटची, म्हणजे उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या पावत्यांची, व्यवस्था आली, तेव्हा चीन आणि भारतातल्या कारखान्यांनी हा वायू जाळून टाकायचा आणि त्याबद्दल क्रेडिट विकायची, असं सुरू झालं. जाळायचा खर्च टनामागे अगदी थोडा, क्रेडिटची किंमत त्याच्या अनेक पट. टाकाऊ वायू मूळ मालापेक्षा फायद्याचा झाला! क्रेडिट मिळावीत म्हणून काही ठिकाणी उत्पादनच जास्त ठेवलं जातंय, असे आरोप झाले आणि अखेर युरोपने २०१३ पासून ही क्रेडिट घेणं बंद केलं. २०१६ मध्ये किगालीच्या बैठकीतच भारताने जाहीर केलं की आपल्या कारखान्यांनी हा वायू यापुढे स्वखर्चाने जाळायचा. जो खर्च प्रत्यक्ष होतो तेवढाच भागवणारा निधी आणि बाजारभावाने बक्षीस देणारं क्रेडिट, या दोन वाटांतला फरक समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हाच चष्मा लावून मोठ्या हवामान परिषदांकडे पाहा. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी वचन दिलं, २०२० पर्यंत वर्षाला १०,००० कोटी डॉलर देऊ. विकसित देशांच्याच संघटनेच्या मोजणीप्रमाणे तो आकडा पहिल्यांदा गाठला गेला २०२२ मध्ये, दोन वर्षं उशिरा. आणि त्यात सरकारी मार्गाने आलेल्या पैशातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग कर्ज होता. २०२४ मध्ये बाकूला नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०,००० कोटी डॉलर. भारताने त्याच सभागृहात त्याला आक्षेप घेतला. २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम इथे, हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठीचा पैसा २०३५ पर्यंत तिप्पट करावा असं ठरलं. आकडे वाढले हे चांगलंच. पण कोणत्या कामाचा, किती जादा खर्च, कोणी मोजला आणि तो अनुदान म्हणून आला की व्याजाने, हे प्रश्न माँट्रियलच्या निधीने १९९१ पासून सोडवलेत. कोळशाची वीज, सिमेंट, पोलाद यांचा पसारा फ्रिजच्या गॅसपेक्षा कैक पटींनी मोठा आहे. तिथे उत्पादक मोजके नाहीत आणि पर्याय तयार नाहीत. म्हणून हे प्रारूप जसंच्या तसं उचलता येणार नाही, हे मान्य. वाढीव खर्चाचा काटेकोर हिशेब आणि समितीतली निम्मी जागा मात्र उचलता येईल. त्यासाठी नव्या तंत्राची वाट बघायची गरज नाही.

घोडं अडतं ते शेवटच्या माणसापाशी. निधी कारखान्यापर्यंत पोचला, कारण कारखाने मोजता येतात. मेकॅनिक मोजता येत नाहीत.

चौथ्या मजल्यावर स्प्लिट एसी बसवायचं काम घ्या. पोरगा आउटडोअर युनिट लोखंडी स्टँडवर चढवतो, कॉपरचे पाइप टाकतो, त्यांची तोंडं पसरवतो (फ्लेअर करतो), नट आवळतो. पाइपमध्ये हवा आणि ओल अडकलेली असते. ती काढण्याची बरोबर रीत म्हणजे आधी नायट्रोजन भरून गळती तपासायची, मग व्हॅक्युम पंप लावून गेज योग्य पातळीपर्यंत उतरेपर्यंत थांबायचं आणि मगच गॅस सोडायचा. प्रत्यक्षात काय होतं? आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा, दुसरीकडचा नट सैल ठेवायचा, 'फुस्स' आवाज झाला की नट आवळायचा. गॅसनेच हवा ढकलून बाहेर काढली. दोन मिनिटांचं काम. पंप जड असतो, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो वर न्यायचा, पंचवीस-तीस मिनिटं बसून राहायचं आणि उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा कॉल. त्याला पैसे नगावर मिळतात, तासावर नाही.

त्या पोराला मी दोष देत नाही. पण याची किंमत तिघे मोजतात. थोडा गॅस हवेत गेला. आत राहिलेल्या हवेने दाब वाढला, कॉम्प्रेसर जास्त करंट खेचू लागला आणि ग्राहकाचं बिल फुगलं. ओलीमुळे तेलात आम्ल तयार होऊन दोन-तीन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर गेला. मग पुन्हा दुरुस्ती आणि पुन्हा गॅस सोडून देणं. जुना गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचं रिकव्हरी मशीन असतं, पण ते विकत घ्यायची लहान दुकानदाराची ऐपत नसते. काढलेला गॅस शुद्ध करून घेणारं केंद्र जवळ नसेल, तर तो काढून तरी तो काय करणार?

२०१९ च्या आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. माँट्रियल निधीच्या पैशातून देशभर मेकॅनिकांची शिबिरं होतात, मीही त्यांत शिकवलं आहे. मुलं शिकायला उत्सुक असतात. पंपाचा काटा उतरताना पाहून त्यांच्या डोळ्यांत जे दिसतं, ते कोणत्याही शिक्षकाला पुरेसं आहे. पण शिबिराहून परतल्यावर बाजार त्यांना जुन्याच रीतीने वागायला लावतो. प्रमाणपत्र असलेल्याला नगामागे जास्त पैसे मिळाले, कंपन्यांनी हमीच्या अटींत व्हॅक्युमचा पुरावा मागितला, सरकारी निविदांत प्रमाणित तंत्रज्ञ सक्तीचा झाला, तर चित्र बदलेल. आर-२९० आला की ही गरज जिवाची होईल, कारण बंद खोलीत 'फुस्स' करून प्रोपेन सोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

देखरेख नसेल तर मोठ्या उत्पादकांकडूनही चोरी होते, हेही झालंय. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की बंदी असलेला सीएफसी-११ हवेत अपेक्षेपेक्षा जास्त येतोय. दक्षिण कोरिया आणि जपानच्या बेटांवरच्या हवा-मापन केंद्रांच्या नोंदींवरून त्याचा मोठा भाग पूर्व चीनमधून येत असल्याचं उघड झालं. स्वस्तात फोम फुगवायला तो चोरून वापरला जात होता. बोभाटा झाला, कारवाई झाली आणि एक-दोन वर्षांत पातळी पुन्हा उतरली. हवेचं सतत मोजमाप हेच या कराराचं पोलीस खातं.

सगळा भर एसीवर दिला, तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मुद्दा सुटेल. विकासाचा खरा गारवा शेतमालाला लागतो. नाशिकची द्राक्षं काढल्यावर काही तासांत प्री-कूलिंगला, म्हणजे साठवणीआधी झटपट थंड करायला, गेली नाहीत, तर देठ सुकतो आणि युरोपच्या बाजारात पेटी नाकारली जाते. १९९१ मध्ये द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांची महाग्रेप्स उभी राहिली, या संस्थांनी प्री-कूलिंगच्या खोल्या बांधल्या आणि निर्यातीची वाट तयार झाली. तासगावचा बेदाणा, गावोगावचे दूध थंड करायचे टँक, सगळं याच यंत्रांवर चालतं. जगात काढणीपासून दुकानापर्यंत पोचण्याआधीच सुमारे १४ टक्के अन्न वाया जातं, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. कुजलेल्या मालाबरोबर त्याचं पाणी, खत, डिझेल सगळं वाया जातं.

इथे आनंदाची गोष्ट अशी की आपली मोठी कोल्ड स्टोरेज पहिल्यापासून अमोनियावर चालतात. अमोनिया ओझोनला हात लावत नाही आणि तापमानवाढीचा त्याचा आकडा शून्य. वास उग्र आणि विषारी, म्हणून मशीनरूम वेगळी, मास्क दाराबाहेर टांगलेले, पाण्याचे फवारे तयार. हे शिस्तीने केलं तर दीडशे वर्षांचं जुनं तंत्र आजही सर्वांत स्वच्छ ठरतं. काळजी वाटते ती शेतकरी कंपन्यांच्या नव्या, छोट्या तयार कोल्ड रूमची. त्यांत बऱ्याचदा आर-४०४ए असतो आणि त्याचा आकडा ३,९२२ आहे. अनुदानातून अशा हजारो खोल्या उभ्या राहणार असतील, तर गॅस कोणता हे आत्ताच ठरवायला हवं. एकदा बसवलेलं यंत्र पंधरा-वीस वर्षं हलत नाही.

शिवाय एसीची गरजच कमी करायची कामं आहेत, तीही स्वस्त. छताला पांढरा रंग, भिंतीला सावली, खिडक्यांची नीट मांडणी. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती योजना आणली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण जाहीर केलं. एसीचं सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवायचा नियम २०२० पासून देशभर आहे. जगात २०१८ मध्ये १६० कोटी एसी होते आणि २०५० पर्यंत ५६० कोटी होतील, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. त्या वाढीतला मोठा भाग आपल्या भागात होणार, म्हणून इमारत बांधतानाच विचार झाला पाहिजे. २०२३ मध्ये दुबईला शीतकरणाचं उत्सर्जन २०५० पर्यंत ६८ टक्क्यांनी घटवायची प्रतिज्ञा साठहून अधिक देशांनी घेतली. भारताने त्यावर सही केली नाही. किगालीचं बंधन पाळू, त्याखेरीज नवं नको, अशी भूमिका असेल तर ती मी समजू शकतो. पण किगालीचं बंधन पाळायचं तर २०२८ ला आता फार वेळ नाही.

विद्यार्थ्यांना एक काम द्या. प्रत्येकाने घरच्या किंवा ओळखीच्या दुकानातल्या एसी-फ्रिजची मागची पाटी वाचावी. गॅसचं नाव आणि वजन त्यावर लिहिलेलं असतं. ज्या गॅसचा आकडा वर दिला आहे, त्याचं वजन त्या आकड्याने गुणून तुमच्या गावात किती टन कार्बन डायऑक्साइडइतका गॅस पाइपांत कोंडलेला आहे, ते काढा. मग गावातल्या दोन-तीन मेकॅनिकांना भेटून विचारा की बिघडलेल्या यंत्रातला गॅस ते कुठे सोडतात आणि रिकव्हरी मशीन परवडावं म्हणून त्यांना नगामागे किती रुपये जास्त मिळायला हवेत. तुमच्या गावापुरता वाढीव खर्च तो एवढाच, आणि तो हिशेब मांडून जिल्हा उद्योग केंद्राकडे नेता येईल.